सभाधीटपणाचे मूळ अंगणात

डिसेंबर उजाडला की शहरातील शाळांमध्ये स्नेहसंमेलनांची लगबग सुरू होते. बालवर्गातील चिमुरडी रंगीबेरंगी पोशाखात रंगमंचावर येतात. काही मुले ठेक्यावर नाचू लागतात, काही शेजाऱ्याकडे पाहत हातपाय हलवतात, तर एखादे मूल जागच्या जागी खिळून उभे राहते. कार्यक्रम संपल्यावर त्या मुलाच्या आई-वडिलांना एकच प्रश्न सतावतो : घरी अखंड बडबड करणारे आपले मूल चारचौघांत गेले की असे मुके का होते?

या प्रश्नाचे तयार उत्तर आज बाजारात मिळते. व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग आता चार-पाच वर्षांच्या मुलांसाठीही भरतात. ताठ उभे राहावे, समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे, हस्तांदोलन करावे, खणखणीत आवाजात नाव सांगावे, असे धडे तेथे दिले जातात. देहबोली बदलली की आत्मविश्वास आपोआप येतो, ही त्यामागची समजूत. तिच्यात काही अंशी तथ्य आहे. पण लहान मुलांच्या बाबतीत क्रम बहुतांशी उलटा असतो. आपल्या शरीराकडून आपल्याला हवे ते करून घेता येते, हा अनुभव मुलाला आधी यावा लागतो. मान ताठ होते ती त्यानंतर. हा अनुभव मिळण्याच्या जागा आणि वेळा शहरी जीवनातून झपाट्याने कमी होत आहेत, ही पालकांनी खरी काळजी करावी अशी बाब आहे.

तासाला सतरा वेळा पडणे

मूल चालायला शिकते तेव्हा नेमके काय घडते? न्यूयॉर्क विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कॅरन अॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा ते एकोणीस महिने वयाच्या मुलांचे खेळताना बारकाईने निरीक्षण केले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार ही मुले मोकळेपणी खेळताना तासाला सरासरी सुमारे २,४०० पावले टाकतात आणि सतरा वेळा पडतात. दिवसभराचा हिशेब केला तर हा आकडा कितीतरी मोठा होतो.

प्रौढ माणूस एखादे काम शिकताना तासाला सतरा वेळा तोंडघशी पडला, तर दुसऱ्या दिवशी तिकडे फिरकणार नाही. मूल मात्र उठते आणि पुन्हा चालू लागते. पडणे हा त्याच्या लेखी अपमान नसतो. ‘पडलो, उठलो, जमले’ हा अनुभव शेकडो वेळा गाठीशी जमा होतो आणि आत्मविश्वासाची पहिली पुंजी तीच असते. पडण्याची लाज ही पुढे शिकली जाणारी गोष्ट आहे आणि ती बहुधा आजूबाजूच्या मोठ्यांच्या चेहऱ्यावरून शिकली जाते.

विश्वास येतो कोठून?

आत्मविश्वासाची सर्वांत उपयुक्त मीमांसा अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडली. ‘हे काम मला जमेल’ अशी खात्री माणसाला चार मार्गांनी मिळते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पहिला मार्ग स्वतः काही करून दाखवल्याचा अनुभव. दुसरा, आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते जमताना पाहणे. तिसरा, विश्वासातील माणसाने दिलेले प्रोत्साहन. चौथा, शरीरातील खळबळीचा आपण लावलेला अर्थ. या चारांत पहिला मार्ग सर्वाधिक प्रभावी ठरतो, हे बांडुरांनी आवर्जून सांगितले.

बागेतील लोखंडी शिडी चढणाऱ्या चार वर्षांच्या मुलीकडे पाहिले, तर हे चारही मार्ग एकाच वेळी दिसतात. काल दुसरी पायरी गाठली होती, आज तिसरी गाठली. शेजारची ताई वरपर्यंत गेलेली तिने पाहिली आहे. खाली उभे असलेले आजोबा ‘चढ, मी आहे’ म्हणत आहेत. छातीत धडधडते आहे. पण ही धडधड चढण्याची आहे, काही वाईट घडणार म्हणून नव्हे, हेही तिला हळूहळू उमगते आहे. धावण्या-चढण्याने होणारी धडधड ज्या मुलाच्या ओळखीची असते, त्याला वर्गासमोर उभे राहताना होणारी धडधड तितकी परकी वाटत नाही.

याला शरीरशास्त्राचीही बाजू आहे. डोळे, कान, नाक, जीभ व त्वचा ही पाच ज्ञानेंद्रिये आपण शाळेत शिकतो. त्याखेरीज दोन जाणिवा हालचालीशी निगडित असतात. एक कानाच्या आतल्या भागातील तोलाची जाणीव आणि दुसरी स्नायू व सांध्यांतून मिळणारी, आपला हात-पाय नेमका कोठे आहे याची जाणीव. झोके घेणे, गिरक्या मारणे, लोळणे, लटकणे, ओढणे आणि ढकलणे यांतून या जाणिवांना सराव मिळतो. तोल सांभाळण्यातच ज्या मुलाचे लक्ष अडकते, त्याला गर्दीत, रांगेत किंवा मैदानावर इतरांकडे निवांतपणे लक्ष देणे कठीण जाते.

‘पॉवर पोझ’ची कथा आणि व्यथा

मग ताठ उभे राहण्याला काहीच अर्थ नाही का? या संदर्भात एका गाजलेल्या प्रयोगाची हकिगत जाणून घेण्याजोगी आहे. २०१० साली डेना कार्नी, एमी कडी आणि अँडी यॅप या संशोधकांनी असे जाहीर केले, की हात फैलावून, ऐसपैस मुद्रेत दोन मिनिटे राहिल्यास शरीरातील संप्रेरकांचे प्रमाण बदलते आणि माणूस अधिक धाडसी होतो. प्रयोग अवघ्या ४२ प्रौढांवर झाला होता. तरीही त्याची कीर्ती जगभर पसरली आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांत कमरेवर हात ठेवून उभे राहण्याचे धडे सुरू झाले.

पुढे २०१५ साली एव्हा रानेहिल आणि सहकाऱ्यांनी सुमारे दोनशे जणांवर हाच प्रयोग केला. संप्रेरकांवर किंवा वागण्यावर त्यांना काहीही परिणाम आढळला नाही. ‘आपल्याला जरा बळ आल्यासारखे वाटते’ एवढेच काय ते सहभागी व्यक्तींनी सांगितले. २०१६ साली तर मूळ संशोधकांपैकी कार्नी यांनीच या परिणामावर आपला विश्वास उरलेला नाही, असे जाहीरपणे लिहिले.

‘संवादात शब्दांचा वाटा केवळ सात टक्के असतो, उरलेले सारे देहबोली आणि आवाज’ हे वर्गांच्या जाहिरातींतील वाक्यही असेच मूळ संदर्भ सोडून आलेले आहे. आल्बर्ट मेहराबियन यांनी १९६७ साली केलेल्या प्रयोगांत सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्यावरील भाव यांत विसंगती असेल तर ऐकणारा आवड-नावड कशावरून ओळखतो, एवढेच तपासले होते. सर्वच संभाषणाला ते प्रमाण लागू होत नाही, असे स्वतः मेहराबियन यांनीही स्पष्ट केले आहे.

यातून पालकांनी घ्यायचा बोध सोपा आहे. मुद्रेने क्षणभर बरे वाटू शकते. पण त्यावर मुलाची धिटाई उभी राहत नाही. नजरेला नजर देण्याच्या आग्रहाबाबत तर विशेष तारतम्य हवे. आपल्याकडे वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवणे हा आदराचा भाग मानला जातो. घरी एक आणि वर्गात दुसरे, अशा दुहेरी सूचनांनी मूल गोंधळते.

बुजरेपणा हा दोष नव्हे

आईच्या पदराआड किंवा ओढणीआड लपणे, फ्रॉकची कड चुरगाळणे, मुठी आवळणे, खांदे कानांपर्यंत नेणे, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत राहणे ही मुलाची भाषाच असते. ‘मला थोडा वेळ हवा आहे’ असे ते सांगत असते. मोठी माणसे मात्र तिचा अर्थ ‘घाबरट’ असा लावून मोकळी होतात.

हार्वर्ड विद्यापीठातील जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांपासून सुरुवात करून अनेक वर्षे मुलांच्या स्वभावाचा मागोवा घेतला. नवी वस्तू, नवा आवाज समोर येताच सुमारे २० टक्के बाळे जोरजोरात हातपाय झाडतात व रडतात, असे त्यांना आढळले. यांतील अनेक मुले पुढे नव्या माणसांत बुजणारी निघाली. पण सगळी नाही. ज्या घरांत मुलाला प्रत्येक अडचणीपासून लगोलग वाचवले न जाता, प्रेमाने परंतु ठामपणे नव्या अनुभवांना सामोरे जाऊ दिले गेले, त्या घरांतील मुलांचा बुजरेपणा पुढे कमी झालेला दिसला. स्वभावाचा कल जन्मतः असतो. त्याला वळण मात्र मिळू शकते.

म्हणूनच पाहुण्यांसमोर ‘काकांना ते गाणे म्हणून दाखव’ हा घरोघरीचा प्रयोग जपून करावा. मूल गप्प राहिले की ‘आमचा जरा लाजाळूच आहे’ असे त्याच्यादेखत म्हटले जाते. हे वाक्य वारंवार कानी पडले, की मूल ते स्वतःची ओळख म्हणून स्वीकारते. त्याऐवजी ‘काकांना पाणी आणून दे’ असे सांगून पाहावे. भरलेला पेला न सांडता स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात नेणे हे चार वर्षांच्या मुलासाठी मोठे कसबाचे काम असते. ते पार पडले की पाहुण्यांशी पहिला संवाद झालेलाच असतो, तोही एक शब्द न बोलता.

लिंबूटिंबूचे शहाणपण

मुलांना हालचालीतून धीट करण्यासाठी परदेशी पद्धतीच्या शोधात जाण्याची गरज नाही. आपल्या गल्लीबोळांतील खेळांत ही योजना पिढ्यान् पिढ्या होती. ‘मामाचे पत्र हरवले’ या खेळात सगळे गोलाकार बसतात. रूमाल पाठीमागे पडला, की अगदी बुजऱ्या मुलालाही उठून सर्वांच्या नजरांसमोर धावावे लागते. पण ते काही क्षणांपुरतेच, आणि नंतर पुन्हा गोलात सुरक्षित जागा मिळते. ‘शिवाजी म्हणतो’ या खेळात हालचालीला लगाम घालण्याचा सराव होतो. लंगडीत तोल, लगोरीत नेम आणि सांघिक धावपळ, विषामृतात अडकलेल्या गड्याला स्पर्श करून सोडवण्याची जबाबदारी. राज्य आलेले मूल चुकले तरी पुढच्या डावात राज्य दुसऱ्यावर जाते. अपयश किती काळ टिकते, हे त्याला रोज संध्याकाळी कळते.

यात सर्वांत शहाणपणाची कल्पना ‘लिंबूटिंबू’ची. वयाने लहान असलेल्याला खेळात घ्यायचे, त्याला सगळ्यांबरोबर पळू द्यायचे. मात्र तो बाद झाला तरी राज्य द्यायचे नाही. शिकाऊ मुलाला आधार देत, पण खऱ्या खेळात उतरवण्याची ही पद्धत बालशिक्षणाच्या कोणत्याही ग्रंथात शोभावी अशी आहे. दमलेल्या किंवा घाबरलेल्या मुलाला ‘टाइमप्लीज’ म्हणून खेळ थांबवण्याचा हक्कही होता. नको असेल तेव्हा थांबवता येते, हे माहीत असले की मूल अधिक धाडस करते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे पुरेपूर ओळखले होते. १९४५ साली बोर्डी येथे सुरू झालेल्या त्यांच्या कामात, मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांच्या अंगणात नेण्याचा विचार पुढे आला आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द मराठीला मिळाला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळाही चालवली. पुढे देशभरातील केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. शहरांतील अंगणे मात्र त्याच काळात आक्रसत गेली.

रंगभूमीनेही ही उणीव काही प्रमाणात भरून काढली. सुधा करमरकर यांनी १९५९ साली मुंबईत ‘लिटल थिएटर’ सुरू केले. पुढे रत्नाकर मतकरी यांनीही बालनाट्याची चळवळ जोमाने चालवली. आजही चांगल्या बालनाट्य शिबिरात पहिले काही दिवस संवाद पाठ करून घेतले जात नाहीत. हत्तीसारखे चाला, पावसात भिजल्यासारखे चाला, समोरच्याचा आरसा व्हा, हुकूम होताच पुतळ्यासारखे स्तब्ध उभे राहा असे खेळ घेतले जातात. दुसऱ्याचे सोंग घेताना मूल स्वतःकडे पाहणाऱ्या नजरा विसरते. आपल्या मुलासाठी वर्ग निवडताना पालकांनी हीच कसोटी लावावी : मुले किती वेळ बसून ऐकतात आणि किती वेळ उठून करतात?

‘मुलीने नीट बसावे’

या विषयाची एक बाजू घराघरांतून दुर्लक्षित राहते. पाय जुळवून बस, मोठ्याने हसू नकोस, झाडावर चढू नकोस, या सूचना मुलाच्या तुलनेत मुलीला कितीतरी अधिक ऐकाव्या लागतात. अमेरिकी विचारवंत आयरिस मॅरियन यंग यांनी १९८० साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात मुली चेंडू फेकताना सारे अंग का झोकून देत नाहीत, याचा विचार केला होता. यामागे शरीराची दुर्बलता नसून, आक्रसून राहण्याची लहानपणापासून लागलेली सवय आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पाचव्या वर्षापर्यंत जिला अंग चोरायला शिकवले, तिने पंधराव्या वर्षी व्यासपीठावर आत्मविश्वासाने उभे राहावे, ही अपेक्षा विसंगत ठरते.

पाचशे चौरस फुटांत काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार तीन ते चार वर्षे वयाच्या मुलांनी दिवसभरात किमान तीन तास हालचाल करावी, त्यापैकी किमान एक तास दमवणारी असावी आणि पडद्यासमोर एका तासापेक्षा अधिक वेळ बसू नये. इमारतीच्या आवारात चेंडू खेळण्यास मनाईचे फलक, वाहनतळांनी गिळलेली मोकळी जागा आणि रस्त्यावरील रहदारी पाहता हे तीन तास कोठून आणायचे, असा प्रश्न पालकांना पडणे स्वाभाविक आहे. घरातल्या घरातही बरेच काही साधता येते.

* जमिनीवर सरळ दोरी टाकून तिच्यावरून चालायला लावावे. जमू लागले की दोरी नागमोडी करावी, मग हातात पाण्याची वाटी द्यावी.
* घरातील लाद्यांवर खडूने चौकोन आखून ठिकरी खेळावी. साधारण चौथ्या वर्षी मूल एका पायावर उड्या मारू लागते. प्रत्येकाची वेळ थोडी वेगळी असते, हे ध्यानात ठेवावे.
* गादी जमिनीवर टाकून कोलांटी मारणे, लोळणे, उशा ढकलणे यांना रोज दहा मिनिटे द्यावीत.
* कणीक मळणे, पाने मांडणे, धुतलेले रूमाल पिळणे, भाजीची हलकी पिशवी उचलणे ही कामे मुलांना खरोखरच करू द्यावीत. मुलांच्या हाती खोटी खेळणी देण्यापेक्षा रोजच्या जीवनातील खरी कामे द्यावीत, असा मारिया माँटेसरी यांचाही आग्रह होता.
* एक-दोन मजल्यांसाठी लिफ्ट टाळावी आणि जिना मुलाच्या गतीने चढावा.
* आठवड्यातून दोनदा तरी बागेत किंवा मैदानावर न्यावे आणि तेथे बाकावर बसावे. मागोमाग धावू नये.

शेवटचा मुद्दा सर्वांत कठीण. मूल घसरगुंडीवर चढले की ‘पडशील!’ हा शब्द आपसूक तोंडी येतो. त्याने मुलाला उपाय सापडत नाही, भीती तेवढी सापडते. ‘पुढचा पाय कोठे ठेवशील?’, ‘हाताची पकड घट्ट आहे ना?’ असे विचारल्यास लक्ष कृतीवर जाते. नॉर्वेतील संशोधक एलेन सँडसेटर यांनी २००७ साली उंची, वेग, दंगामस्ती अशा धोक्याच्या खेळांचे सहा प्रकार नोंदवले. आवाक्यातील धोका मूल स्वतः जोखायला शिकते, असे त्या मांडत आल्या आहेत. उघडी गच्ची आणि बागेतील शिडी यांतील फरक करणे हे अर्थातच मोठ्यांचे काम.

पालकांची देहबोली

मूल शब्दांच्या आधी शरीर वाचते. त्यामुळे या सगळ्यात पालकांच्या हालचालींना मोठे महत्त्व आहे. मुलाशी बोलताना गुडघ्यावर बसून त्याच्या उंचीला यावे. ते बोलत असताना मोबाइल बाजूला ठेवावा. त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपण देऊ नये. मनात दहापर्यंत अंक मोजावेत. ते पडले तर धावण्यापूर्वी क्षणभर थांबून चेहरा शांत ठेवावा.

कौतुक करतानाही भान हवे. क्लॉडिया म्यूलर व कॅरोल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ‘हुशार आहेस’ असे कौतुक झालेली मुले पुढे अवघड काम टाळू लागली, तर ‘चांगली मेहनत घेतलीस’ असे ऐकलेली मुले अपयशानंतरही चिकाटीने प्रयत्न करीत राहिली. हा प्रयोग कोड्यांवर झाला असला, तरी दोरीवरच्या उड्यांनाही तोच न्याय लावायला हरकत नाही. ‘काल तीन मारल्या होत्यास, आज पाच’ हे कौतुक नेमके असते आणि खरेही.

सल्ला कधी घ्यावा?

बहुतेक मुलांचा बुजरेपणा हा स्वभावाचा भाग असतो. पण काही वेळा कारण वेगळे असते. जी मुले समवयस्कांच्या तुलनेत सतत धडपडतात, ज्यांना बटणे लावणे, चेंडू झेलणे फारच अवघड जाते, त्यांच्यात हालचालींच्या समन्वयाची विकासात्मक अडचण असू शकते. शालेय वयातील सुमारे पाच ते सहा टक्के मुलांत ती आढळते आणि योग्य उपचारतज्ज्ञाच्या मदतीने तिच्यावर काम करता येते. घरी मोकळेपणी बोलणारे मूल शाळेत महिन्याहून अधिक काळ एकही शब्द बोलत नसेल, तर तेही केवळ लाजणे समजू नये. दृष्टी आणि श्रवणाची तपासणीही करून घ्यावी. स्वमग्न मुलांना नजरेला नजर देणे अनेकदा त्रासदायक होते. त्यांच्यावर तशी सक्ती करू नये. अशा वेळी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला हाच पहिला मार्ग.

उरलेल्या मुलांसाठी औषध स्वस्त आहे आणि ते संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास इमारतीखाली मिळते. चार-पाच मुले, थोडी जागा आणि हस्तक्षेप न करता लांबून लक्ष ठेवणारे एखादे मोठे माणूस एवढे पुरते. गृहनिर्माण संस्थेच्या पुढील सभेत मुलांसाठी वाहनतळाचा एखादा कोपरा तासभर रिकामा ठेवण्याचा विषय मांडता आला, तर कोणत्याही वर्गाच्या शुल्काहून ती गुंतवणूक मोलाची ठरेल. मग कधी तरी काही महिन्यांनी, कालपर्यंत लिंबूटिंबू म्हणून खेळणारे मूल डावाच्या सुरुवातीलाच सांगेल, ‘आजपासून माझ्यावरही राज्य आले पाहिजे.’ त्या वेळी त्याची मान ताठ आहे की नाही, हे कोणाला तपासावे लागणार नाही.